'घटना' म्हणा, 'खून' नको

काल रात्री कोस्ता-गावरासचा 'झेड' तिसऱ्यांदा पाहिला. १९६९ चा सिनेमा. कटाच्या तपासावरचे सिनेमे एरवी मला अर्ध्यातच कंटाळवाणे होतात, कारण शेवटच्या दहा मिनिटांत कुणीतरी सगळं उलगडून सांगणार हे आधीच ठाऊक असतं. इथे ती भानगडच नाही. मारणारे आपल्या डोळ्यांसमोर मारतात. भर चौकात, पोलीस बंदोबस्तात, तीनचाकी गाडी येते, मागे उभा असलेला एक जण दांडकं हाणतो आणि खासदार कोसळतो.

मग दोन तास बघायचं काय? तर या प्रकाराची नोंद कोणत्या शब्दाने होणार, ते. पोलिसांच्या लेखी हा अपघात: चालक प्यायलेला होता, विषय संपला.

मूळ प्रकरण खरं आहे. ग्रिगोरिस लाम्ब्राकिस हे डॉक्टर, लांब उडीतले विक्रमवीर आणि ग्रीक संसदेचे सदस्य. २२ मे १९६३ ला थेसालोनिकीत शांतता सभेत बोलून ते बाहेर पडले तेव्हा हल्ला झाला, पाच दिवसांनी ते गेले. सिनेमात ग्रीसचं नाव येत नाही. पण सुरुवातीलाच पाटी दिसते: खऱ्या माणसांशी साम्य आढळल्यास तो योगायोग नाही, ते मुद्दाम आहे. अशी पाटी लावायला काळीज लागतं!

खरी गंमत आहे ती तपास करणाऱ्या न्यायाधीशात. भूमिकेत जाँ-लुई त्रँतिन्याँ, रंगीत काचांचा चष्मा, बर्फासारखा चेहरा. समोरचा 'खून' म्हणाला की हा अडवतो, 'घटना' म्हणा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, झालं, हाही त्यांच्यातलाच. तसं नाही. हातात पुरावा येईपर्यंत शब्द उसना घ्यायचा नाही, एवढाच त्याचा हट्ट. आणि असा हट्टी माणूसच त्या वर्दीवाल्यांना महागात पडतो. वेगवेगळ्या लोकांच्या जबाबांत 'वाघासारखा चपळ आणि क्रूर' हीच उपमा येते, तेव्हा त्याचे कान टवकारतात. एवढ्या सगळ्यांना एकच उपमा सुचेल कशी? पढवून घेतल्याचा वास एका विशेषणाला येतो. मला हा प्रसंग कुठल्याही पाठलागापेक्षा थरारक वाटतो. पुढे कधीतरी त्याच्याच तोंडून 'खून' हा शब्द निघतो, आणि तो एक शब्द सगळ्या अधिकाऱ्यांवर भारी पडतो.

मग बिल्ले मिरवणारे अधिकारी एकेक करून येतात. नाव, आडनाव, पेशा. टाइपरायटरची टकटक. आरोप ऐकून बाहेर पडताना जो तो त्याच बंद दाराशी झटतो. मी दर वेळी हसतो.

('झेड' ज्या कादंबरीवर बेतलाय, तिच्यावरूनच दिबाकर बॅनर्जींचा २०१२ चा 'शांघाय' आहे. तो मला आवडतो, पण मूळ सिनेमाचा हा कारकुनी थरार त्यात तितका नाही. असहमती असेल तर भांडू.)

एप्रिल १९६७ मध्ये ग्रीसमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. त्यामुळे चित्रीकरण अल्जीरियात झालं, आणि परभाषिक चित्रपटाचा ऑस्करही अल्जीरियाच्याच नावावर गेला. संगीत मिकिस थिओडोराकिसचं, आणि तो तर लष्करशहांच्याच ताब्यात होता. ज्याच्यावरून त्रँतिन्याँचं पात्र बेतलं, त्या ख्रिस्तोस सार्टझेताकिसला लष्करशहांनी पदावरून काढलं, तुरुंगातही टाकलं. १९८५ मध्ये तो देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. सिनेमाला हे कुठून ठाऊक असणार? तो संपतो तेव्हा नव्या सरकारने बंदी घातलेल्या गोष्टींची यादी वाचली जात असते. सोफोक्लिस, टॉलस्टॉय, लांब केस, मिनीस्कर्ट, बीटल्स. एवढ्या नोंदींनंतर, एवढ्या जबाबांनंतर, यादीत शेवटी येतं एक अक्षर. 'झेड'. ग्रीकमधल्या 'झी' या शब्दाचं पहिलं अक्षर, म्हणजे 'तो जिवंत आहे'. लोक ते भिंतींवर रंगवत होते.