रिपीट करायची मुभा कुणाला?

आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की काकांचं वाक्य ठरलेलं : ‘‘फी माफ केली सरकारनं, आता काय राहिलं?’’ जुलै २०२४च्या शासन निर्णयानं ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी निम्मीच माफी होती. पारोळ्याकडच्या कोरडवाहू कापूसवाल्याला ही मदत मोठीच आहे, त्यात वादच नाही.

पण फीचा प्रश्न येतो प्रवेश मिळाल्यावर. त्याच्या आधीच घरात बरंच काही ठरून जातं. पोराला ‘नीट’मध्ये मार्क कमी पडले की घर म्हणतं, ‘‘रिपीट कर.’’ लातूर नाहीतर कोटा, खोलीभाडं, मेस, क्लास. कापसाचा पैसा त्यात जातो आणि कुणी कुरकुर करत नाही. पोरीला तितकेच कमी पडले तर ‘‘पोरगीले नर्सिंगले टाकी देसूत.’’ नर्सिंग वाईट मुळीच नाही. तिला ते हवं होतं का, एवढं विचारायचं राहून जातं. आमच्याच घरात दादाला दोनदा बसवलं. धाकटीचा अर्ज निकालाच्याच आठवड्यात जवळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेला. लग्नाच्या बायोडाटात पदवी हवी ना!

आणि हे झालं शेती असलेल्यांचं. नंदुरबारमधल्या धडगावकडच्या पावरा आदिवासी मुलाला तर मुलगा असूनही दुसरा प्रयत्न नसतो. आश्रमशाळेतून बारावी झाला की घरचे ऊसतोडीला गुजरातेत निघालेले असतात, एक कोयता वाढला तर उचल, म्हणजे मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम, वाढते. त्याची बहीण बहुधा त्याआधीच शाळेतून सुटलेली असते, ऊसतोडीच्या तळावर धाकट्या भावंडांना सांभाळायला.

‘‘तुमच्याकडे बरं आहे,’’ असं मला ऐकवलं जातं. मी जर्मनीत न्युर्नबर्गला राहते. इथे सरकारी शाळेला फी नाही, पण बायर्न (बव्हेरिया) या आमच्या राज्यात चौथीतल्याच मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली (इथे १ सर्वांत चांगला) असेल तर थेट गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाचा सरळ रस्ता. दहा वर्षांच्या पोराचे मार्क म्हणजे बऱ्याचदा त्याच्या आईबापाचेच मार्क : अभ्यासाला शेजारी कोण बसलं, शिकवणी कुणाला परवडली. २००१मध्ये पिसा या शालेय मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल आले, तेव्हा घरची परिस्थिती आणि मुलांचं यश यांचं नातं इथे किती घट्ट आहे हे पाहून देश हादरला होता. त्याच वर्षी मुलींना तांत्रिक कामं दाखवायचा ‘गर्ल्स डे’ सुरू झाला. तरी आजही मुलगे गाड्यांच्या वर्कशॉपकडे आणि मुली डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या मदतनीसकीकडे वळतात.

म्हणजे फुकट शिक्षणानं वर्ग आणि लिंग पुसलं जात नाही, हे इथे राहून रोज दिसतं. फरक आहे तो मागे वळण्याच्या वाटेत. चौथीत मागे पडलेली मुलगी दहावीनंतर पगारी उमेदवारी करते, मग बेरुफ्सओबरशूले या, उमेदवारी झालेल्यांसाठीच्या शाळेतून उच्च शिक्षणाला जाते. चोविसाव्या वर्षी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला बसलेली पोरगी इथे नवलाची नाही. आमच्याकडे चोविसाव्या वर्षी तिचं ‘वय निघून चाललेलं’ असतं.

त्यामुळे पुढची मागणी काय असावी, तर माझ्या मते फीमाफीची मर्यादा वाढवण्याआधी वसतिगृहाची. सरकारी वसतिगृहात जागा मिळते ती कॉलेजच्या प्रवेशावर. रिपीट करणारी मुलगी त्या वर्षी कुठल्याच कॉलेजात नसते. आणि जळगावात खोली घेऊन एकटी राहायला तिला घरचे पाठवणार नाहीत, काकांनी फीचं कितीही सांगितलं तरी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार इथे एकेक वसतिगृह फक्त या मुलींसाठी काढा, सोबत अभ्यासिका आणि मेस. धडगावच्या मुलासाठीही तसंच एक, आणि त्या वर्षाची त्याच्या घरची बुडालेली उचल भरून निघेल एवढा विद्यावेतनाचा आकडा.