गरोदर बाईला उपदेश पुरे, आधी धुराचं बघा

गरोदर बाईने काय खावं, काय टाळावं, कोणत्या कुशीवर झोपावं हे सांगायला सगळं जग तयार असतं. ती श्वासावाटे काय आत घेते, याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. कारण त्याचा जाब तिला विचारता येत नाही, दुसऱ्याच कुणाला तरी विचारावा लागतो. फ्रेडरिका परेरा यांचं काम वाचल्यापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

परेरा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या. सुरुवातीला त्यांचा विषय होता कॅन्सर. प्रदूषणातली रसायनं माणसाच्या डीएनएला चिकटून खूण मागे ठेवतात का, हे त्या शोधत होत्या. तुलनेसाठी ज्याला प्रदूषणाचा स्पर्शही झालेला नाही असं काहीतरी हवं होतं. मग नुकत्याच जन्मलेल्या बाळांची वार आणि नाळेतलं रक्त घ्यायचं ठरलं. आणि त्यातही त्या खुणा सापडल्या! जग बघायच्या आधीच बाळाच्या पेशींवर धुराची नोंद झालेली होती. तिथून त्यांच्या कामाची दिशाच बदलली.

१९९८ साली त्यांनी कोलंबियात मुलांच्या पर्यावरणीय आरोग्यासाठी केंद्र सुरू केलं. उत्तर मॅनहॅटन आणि साउथ ब्रॉंक्समधल्या आफ्रिकन-अमेरिकन आणि डॉमिनिकन गरोदर बायका अभ्यासात घेतल्या, मुद्दाम सिगारेट न ओढणाऱ्या. शेवटच्या तिमाहीत प्रत्येकीने ४८ तास पाठीवर एक छोटी बॅग वागवायची. बॅगेत पंप आणि फिल्टर, ती श्वास घेते तिथलीच हवा ओढणारे. रात्री बॅग पलंगाशेजारी ठेवायची. सरकारी यंत्र कुठल्यातरी इमारतीच्या छतावर बसून हवा मोजतं, इथे त्या बाईची स्वतःची हवा मोजली गेली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एकूण एक बाईच्या फिल्टरवर पीएएच सापडले. पेट्रोल, डिझेल, कोळसा, तंबाखू असं काहीही जळताना तयार होणारी ही रसायनं. पुढे या मुलांची पाचव्या वर्षी चाचणी झाली, तेव्हा पोटात असताना जास्त पीएएच झेललेल्या मुलांचा बुद्ध्यांक बाकीच्यांपेक्षा सरासरी ४ गुणांच्या आसपास कमी निघाला. घरातला सिगारेटचा धूर, शिसं, आईची बुद्धिमत्ता, घरचं वातावरण हे सगळं हिशेबात धरूनसुद्धा. एकट्या मुलात ४ गुणांचा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण हाच फरक शहरभरातल्या मुलांमध्ये पडला, तर शाळेत जादा मदत लागणाऱ्यांची संख्या केवढी वाढेल!

दुसरी गोष्ट क्लोरपायरिफॉसची. हे कीटकनाशक तेव्हा घरात झुरळांवर सर्रास मारलं जायचं. जुन्या इमारती, गळके नळ, भिंतींना भेगा आणि मालक दुरुस्ती करत नाही. अशा घरात झुरळं झाल्यावर बाईने औषध मारायचं नाही तर करायचं काय? तेच औषध नाळेतल्या रक्तात सापडलं, आणि जास्त प्रमाण असलेल्या बाळांचं जन्माचं वजन कमी भरलं. २००१ च्या सुमारास अमेरिकेत त्याचा घरगुती वापर बंद झाला. त्यानंतर जन्मलेल्या बाळांच्या रक्तातलं प्रमाण झपाट्याने उतरलं आणि वजनाशी असलेला तो संबंधही दिसेनासा झाला. हे कुठल्याही आईला शहाणपण शिकवून झालेलं नाही, नियमाने झालं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, की हे नुसते संबंध आहेत, यातून कारण सिद्ध होत नाही. आक्षेप रास्त आहे. पण गरोदर बायकांना मुद्दाम धूर देऊन कुणी प्रयोग करणार आहे का? म्हणूनच मला चीनमधल्या टोंगलियांगचं उदाहरण सगळ्यात बोलकं वाटतं. तिथला कोळशावरचा वीज प्रकल्प २००४ मध्ये बंद झाला. परेरांच्या गटाने बंद होण्याआधी, २००२ साली जन्मलेली आणि नंतर, २००५ साली जन्मलेली बाळं तपासली. नंतरच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात डीएनएवरच्या त्या खुणा कमी होत्या. आधीच्या गटात ज्यांच्यात खुणा जास्त, ती मुलं दोन वर्षांची होताना हालचालींच्या विकासात मागे होती. नंतरच्या गटात तसा संबंध सापडला नाही. शहर तेच, फक्त धुराचा एक मोठा स्रोत गेला.

त्यामुळे ‘गरोदरपणात प्रदूषण टाळा’ हा सल्ला वाचला की मला संताप येतो. कसं टाळायचं? घर बदलून? नोकरी सोडून? श्वास न घेऊन? परेरांच्याच अभ्यासात पैशाची ओढाताण असलेल्या घरांमध्ये पीएएचचा मुलांवरचा परिणाम जास्त दिसला, म्हणजे टाळणं जिला सगळ्यात कमी जमणार तिच्याच बाळाला सगळ्यात जास्त फटका. वीज प्रकल्प, रस्ते, कीटकनाशकं यांना परवानगी देताना होणाऱ्या नुकसानीत जन्माला यायच्या मुलांचंही नुकसान धरलं पाहिजे, आणि ते होत नाही हे सिद्ध करायची जबाबदारी परवानगी मागणाऱ्यावर टाकली पाहिजे. आज ती पाठीवर बॅग वागवणाऱ्या बाईवर आहे.