थांबलेली बस दिसत नाही का?

रोज तेच. शाळेची बस थांबते, दिवे लुकलुकतात, आणि मागची गाडी हॉर्न वाजवत बाजूने पुढे घुसतेच! अरे, मूल उतरतंय ना! पाच-सहा वर्षांचं पोर, पाठीवर भलंमोठं दप्तर. येणारी गाडी किती वेगात आहे, आपल्यापर्यंत कधी पोचेल, याचा अंदाज त्या वयात येतच नाही. बसभोवतीचा साधारण ३ मीटरचा पट्टा सगळ्यात धोक्याचा, कारण तिथलं लहान मूल ड्रायव्हरला दिसेलच असं नाही. बाटली घरंगळली की ते उचलायला वाकणार, आणि वाकलं की आरशातूनही दिसेनासं होणार. मग बस हलली तर?

आणि पालकांनो, तुमचा तर जास्तच राग येतो. रस्त्यापलीकडे उभं राहून 'ये, ये पटकन!' अशी हाक कशाला मारता? आई दिसली की पोर धावत सुटतं, इकडेतिकडे बघत नाही. चार पावलं चालून अलीकडे या ना. हात धरा, बस निघून जाऊ दे, रस्ता नीट दिसू दे, मग ओलांडा. मिनिटभर लागतं हो, मिनिटभर!