स्तारी ग्रादच्या धक्क्यावर रात्री अडकलेल्या ताईंना उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘क्रोएशियात गाडी भाड्याने घेऊ नका, बस आणि बोटीने सगळं होतं’ या माझ्या लेखातल्या वाक्याच्या भरवशावर तुम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलात. हॉटेल ह्वार गावात, आणि स्प्लिटहून पकडलेली रात्रीची बोट लागली स्तारी ग्रादला. शेवटची बस निघून गेलेली, टॅक्सीवाल्याने तोंडाला येईल तो भाव सांगितला. ‘पाठीवर सॅक टाकून एकटं फिरणाऱ्याने कुटुंबवाल्यांना सल्ले देऊ नयेत,’ असं तुम्ही लिहिलंय. राग रास्त आहे.

ह्वार हे बेटाचंही नाव आणि गावाचंही. कॅटामरान ही वेगवान बोट फक्त माणसं नेते आणि तासाभरात थेट ह्वार गावाच्या धक्क्याला लागते. गाड्या नेणारी मोठी फेरी, तिकडे तिला ‘ट्रायेक्ट’ म्हणतात, दोन तास घेते आणि स्तारी ग्रादच्या बंदरात लागते. तिथून ह्वार गाव वीसेक किलोमीटर. स्तारी ग्राद गावसुद्धा त्या बंदरापासून बरंच आत आहे, त्यामुळे रात्री धक्क्यावर विचारायला माणूस सापडत नाही. मी दोन्हींना सरसकट ‘बोट’ लिहिलं होतं. चूक माझी. फेरीत गाड्यांच्या डेकवरून वर बसायला जायचं तर लोखंडी जिने चढावे लागतात, हेही लिहायचं राहिलं. सासूबाईंच्या गुडघ्यांचं वाचून फार वाईट वाटलं.

तरी फेरीला नावं ठेवू नका. 2019च्या एप्रिलमध्ये स्प्लिटला ‘बुरा’ सुटला होता. हा ईशान्येकडून डोंगर उतरून येणारा थंड वारा, एकसारखा न वाहता झोतांनी येतो. कॅटामरान रद्द झाली, फेरी मात्र निघाली. तिचा मागचा दरवाजा खाली आला, आधी ट्रक बाहेर पडले, मग त्यांच्या मागून टोमॅटोच्या रोपांचा ट्रे छातीशी धरून एक आजी उतरल्या. वाऱ्याने रोपं मोडू नयेत म्हणून ट्रेवर त्यांनी स्वतःचा स्वेटर घातला होता. ही बोट बेटावरच्या माणसांसाठी आहे, आपण पाहुणे, हे मला तेव्हा कळलं.

रेल्वे का सुचवली नाही, असंही विचारलंत. दुब्रोव्निकला रेल्वे नाहीच. तिथली नॅरोगेज लाइन सत्तरच्या दशकात बंद झाली. झाग्रेब ते स्प्लिट गाडी आहे, पण ती क्निनवरून डोंगरातून येते आणि दिवसाची गाडी साधारण सहा तास घेते. बस त्याआधी पोचवते. सामानाचे वेगळे पैसे द्यावे लागतात, म्हणून सुटे युरो जवळ असू द्यावेत.

नेऊम या बोस्नियाच्या किनाऱ्यावरच्या गावाबद्दल तुमचं बरोबर, माझी माहिती जुनी झाली होती. बोस्नियाची जेमतेम वीस किलोमीटरची किनारपट्टी मधे येते, त्यामुळे स्प्लिट-दुब्रोव्निक बस पूर्वी दोनदा सीमा ओलांडायची. जुलै 2022मध्ये बोस्नियाला वळसा घालणारा पेल्येशात्स पूल सुरू झाला आणि तो फेरा टळला. 1 जानेवारी 2023पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. मात्र तुमचा व्हिसा सिंगल एंट्रीचा असेल, तर तिकीट काढतानाच बस पुलावरून जाते का, हे विचारून घ्या. बोस्नियातल्या मोस्तारची सहल तर त्या व्हिसावर करूच नका. एकदा शेंगेनबाहेर पडलात की परत आत येता येत नाही.

गाडीबद्दल मात्र मी माझं मत बदलत नाही. दुब्रोव्निकच्या तटबंदीच्या आत गाड्यांना मज्जाव आहे, बाहेर पार्किंगचे दर डोळे पांढरे करणारे. जुलै-ऑगस्टमध्ये फेरीसाठी गाड्यांची रांग तासन्‌तास हलत नाही, पायी प्रवासी मात्र चढतात. स्प्लिटला तर बसस्टँड, रेल्वे स्टेशन आणि बंदर एकमेकांना चिकटून आहेत. अपवाद वायव्येकडच्या इस्त्रिया द्वीपकल्पाचा. मोतोवुन, ग्रोझन्यान अशी टेकडीवरची गावं बघायची तर गाडी हवीच, तिथे बसच्या फेऱ्या फार थोड्या. हा अपवाद लेखात नव्हता, आता घातलाय.

तुमची बहीण सप्टेंबरमध्ये आईंना घेऊन जाणार आहे ना? त्यांना ह्वारऐवजी ब्राच बेट सुचवा. स्प्लिटहून सुपेतारला फेरी पन्नास मिनिटांत पोचते, धक्का गावातच आहे, राहायची जागा चालत जाण्याइतकी जवळ मिळते. ऑक्टोबर लागला की बोटींच्या फेऱ्या कमी होतात, तेव्हा त्यांनी त्याआधीच उरकावं.

आणि एक विनंती. त्या रात्री तुमची फेरी किती वाजता लागली आणि बस किती वाजता गेली होती, ते आठवत असेल तर कळवा. लेखात वरच घालतो.