दूरच्या सर्व्हरला एसएसएचने जोडून तिथल्या प्रोग्रामची खिडकी आपल्या स्क्रीनवर हवी, तर एसएसएच डॅश एक्स (ssh -X) कर म्हणे, चालतं म्हणे!

आज परत मेलं. मालवणात पाऊस धो धो, लाईट नुसती फडफडली, राउटर बंद होऊन चालू झाला, दोन मिनिटंसुद्धा नाही, पण तेवढ्यात एसएसएच तुटलं आणि पुण्याच्या सर्व्हरवर उघडलेलं क्यूजीआयएस, नकाशे काढायचा प्रोग्राम, ते पण गेलं. देवबागच्या किनाऱ्याची रेघ काढत होतो, एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे ती चिंचोळी पट्टी, सकाळपासून एकेक ठिपका टाकत. शेवटच्या दीड तासाचं सेव्ह नव्हतं कारण सेव्हची खिडकी उघडायलाच मिनिट जातं. आणि टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम) वापर असं कुणी सांगू नका, वापरतो, त्याने टर्मिनल वाचतं, खिडकी नाही वाचत, डिस्प्ले गेला की प्रोग्राम जातो, संपलं.

बरं चालतं तेव्हा तरी धड चालतं का? राईट क्लिक केलं की आधी करडा चौकोन, मग वरून खाली पट्ट्या पट्ट्यांनी मेनू भरत येतो. नकाशा सरकवावा तर तिकडे सरकलेला असतो, इकडे जुनाच दिसतो, त्याच्यावर ठिपका टाकला की तो जाऊन पडतो समुद्रात! सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात एक पिक्सेल म्हणजे १० मीटर, चार पिक्सेल हुकले की ४० मीटर, अरे तिथे घरं आहेत, माड आहेत, किनारा किती खाल्लाय हेच तर मोजायचंय.

एक्स, म्हणजे डॅश एक्समागची ही खिडक्या दाखवायची पद्धत, सुरू झाली १९८४ ला एमआयटीत, अकरावी आवृत्ती १९८७ ची. जवळच्या, एकाच नेटवर्कवरच्या मशीन डोळ्यासमोर ठेवून केलेलं काम, प्रोग्रामने विचारायचं, स्क्रीनने उत्तर द्यायचं, परत विचारायचं. माझा पिंग, म्हणजे एका फेरीला जाऊन यायला लागणारा वेळ, पावसात २०० मिलिसेकंद, अशा वीस फेऱ्या झाल्या की चार सेकंद गेले. वर आजचे प्रोग्राम खिडकी स्वतःच रंगवतात आणि तयार चित्रच्या चित्र वायरीवरून ढकलतात. डॅश सी लावून डेटा आवळता येतो, फेऱ्या थोड्याच कमी होतात?

आणि सगळ्यात डोकं फिरतं ते "माझ्याकडे तर चालतं" ऐकून. तुमच्याकडे उबंटू आहे रे! उबंटू-डेबियनवाले डॅश एक्सला गुपचूप डॅश वायसारखं, म्हणजे पलीकडच्या प्रोग्रामवर पूर्ण भरवसा ठेवून चालवतात. माझ्याकडे आर्च, दुसरं लिनक्स, इथे खरं, बंधनं घालणारं डॅश एक्स, वीस मिनिटं झाली की नवी खिडकी उघडतच नाही, मुदत संपली म्हणून नकार. ही मुदत कुठल्या पानावर लिहिलीय ते शोधण्यात माझे दोन दिवस गेले. मग डॅश वाय लाव म्हणतात, म्हणजे पलीकडचा प्रोग्राम मी इथे दुसऱ्या खिडकीत काय टाईप करतो ते बघू शकतो, हे सांगतं का कुणी? दहा जणांचा सर्व्हर तो!

सर्व्हरवर एक्सप्रा नावाचा प्रोग्राम बसवून द्या म्हणून तीन आठवड्यांपूर्वी सर्व्हर सांभाळणाऱ्यांना मेल केला. कनेक्शन तुटलं तरी प्रोग्राम तिकडे जिवंत राहतो, परत जोडलं की खिडकी होती तिथे, एवढंच हवंय मला. काल उत्तर आलं, एका ओळीचं, "एसएसएच डॅश एक्स चालतंय ना?"

नाय चालत! शिरा पडो त्या डॅश एक्सवर, दीड तासाचे ठिपके परत टाकत बसलोय मी.