मृत्युपत्रात ‘पाडा’ लिहिलं म्हणून घर पाडता येत नाही

एकांनी विचारलंय, सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी स्वतःच आपलं ३८ ऑक्सली रोडचं घर पाडायला सांगितलं होतं, मग सिंगापूर सरकार आडवं का येतं?

१७ डिसेंबर २०१३ च्या शेवटच्या मृत्युपत्रातलं ते कलम दोन भागांत आहे. मी गेल्यावर, किंवा मुलगी तिथे राहणार असेल तर ती बाहेर पडल्यावर, लगेच पाडा. कायदे-नियम बदलल्यामुळे पाडता आलं नाही, तर मुलं, त्यांचे कुटुंबीय आणि वंशज सोडून कुणालाही आत सोडू नका. सगळे पहिल्या भागावरच भांडतात. खरी गोम दुसऱ्यात आहे. अडथळा येऊ शकतो हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

मृत्युपत्राने मालकी ठरते, पाडण्याचा परवाना मिळत नाही. घर मिळालं थोरल्या मुलाला, ली सिएन लूंग यांना. त्यांनी ते बाजारभावाने धाकट्या भावाला, सिएन यांगना विकलं. तिथे राहणारी बहीण ऑक्टोबर २०२४ मध्ये वारल्यावर सिएन यांगनी पाडण्यासाठी अर्ज केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने ती जागा राष्ट्रीय स्मारक करण्याचा इरादा जाहीर केला. तळघरातल्या जेवणघरात १९५४ साली ली यांच्या पीपल्स ॲक्शन पार्टी या पक्षाच्या स्थापनेच्या बैठका झाल्या होत्या, हे त्याचं मोठं कारण.

माझ्या मते वडिलांच्या शब्दाचा दुसरा भाग तरी पाळायलाच हवा.