हॉस्पिटलची पायरी चढा, फॉर्मला घाबरू नका

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: “टेक्सास आणि फ्लोरिडात हॉस्पिटलांना आता कागदपत्रं नसलेल्यांची नावं सरकारला कळवावी लागतात. उत्तर दिलं नाही तर उपचार मिळत नाहीत. व्हिसाचा जराही घोळ असेल तर हॉस्पिटलची पायरी चढू नका.” यातलं शेवटचं वाक्य जिवावर बेतू शकतं, म्हणून हे लिहितेय.

“उपचार मिळत नाहीत” हे साफ खोटं आहे. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) घेणाऱ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जो येईल त्याला तपासावं लागतं आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार द्यावे लागतात. पैसे आहेत का, कागद आहेत का, हा प्रश्न तिथे आड येत नाही. आणि “तुम्ही अमेरिकेत कायदेशीर राहता का?” या हॉस्पिटलच्या फॉर्मवरच्या प्रश्नाला दोन्ही राज्यांत उत्तर द्यायला नकार देता येतो.

“नावं कळवावी लागतात” हेही तसंच. फ्लोरिडाचा २०२३ चा कायदा मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) घेणाऱ्या हॉस्पिटलांना हा प्रश्न फॉर्मवर घालायला आणि दर तिमाहीला राज्याला आकड्यांचा अहवाल द्यायला सांगतो. उत्तराचा उपचारांवर परिणाम होणार नाही आणि ते इमिग्रेशन खात्याला कळवलं जाणार नाही, हे फॉर्मवरच छापावं लागतं. टेक्सासमध्ये गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांचा ऑगस्ट २०२४ चा आदेश आहे. तो मागतो ते आकडे: असे रुग्ण किती आले, खर्च किती झाला.

फॉरवर्डमध्ये वर्णन केलेला कायदा खरोखर एकदा झाला होता, पण कॅलिफोर्नियात. १९९४ चं प्रपोझिशन १८७, म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव. सरकारी दवाखाने आणि शाळांनी संशयितांची माहिती इमिग्रेशन खात्याला द्यावी, असं त्यात होतं. मतदारांनी ते मंजूर केलं, पण कोर्टाने लगेच रोखलं आणि पुढे त्यातला बहुतेक भाग घटनाबाह्य ठरवला.

भीती अगदीच हवेतून आलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये हॉस्पिटल, शाळा अशा ठिकाणी इमिग्रेशनची कारवाई टाळण्याचं केंद्राचं धोरण मागे घेतलं गेलं. त्याच वर्षी मेडिकेडमध्ये नाव असलेल्यांची माहिती इमिग्रेशन खात्याकडे गेली आणि प्रकरण कोर्टात पोचलं. ही काळजीची गोष्ट आहे, पण ती केंद्राची. फॉर्मवरच्या या प्रश्नाची नव्हे. या प्रश्नावर माझा आक्षेप वेगळा आहे. ज्याचा उपचाराशी काडीचाही संबंध नाही ते आजारी माणसाला दारातच विचारायचं, म्हणजे तो परत फिरणारच.

राहता राहिले आपले आईबाबा. ते व्हिजिटर व्हिसावर आले असतील आणि इथे राहायची मुदत संपलेली नसेल, तर ते इथे कायदेशीरच आहेत. बाबांच्या छातीत कळ आली तर आधी ९११ लावा. फॉर्म नंतर येतो, आणि त्या प्रश्नापुढे “उत्तर द्यायचं नाही” असं सांगितलं तरी चालतं.